गाडी घसरून साइडपट्टीखाली गेली आणि स्टिअरिंग तिरकं झालं, तर काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

पाऊस सुरू झाला की ताम्हिणी, वरंध, आंबोली, कुंभार्ली, कुठलाही घाट घ्या, डोंगराकडच्या गटारात एक चाक घालून तिरकी उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. फार मोठा अपघात नसतो, कुणाला लागलेलं नसतं, वळणावर गाडी सरकली आणि कडेला गेली, किंवा समोरून एसटी आली म्हणून डावीकडे घेतली आणि साइडपट्टी खचलेली निघाली. चार जण येऊन ढकलतात, गाडी वर येते, चालू पण होते, आणि मग घरी येताना लक्षात येतं की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतंय नाहीतर हात सैल सोडला की गाडी एका बाजूला ओढतेय. दुसऱ्या दिवशी माणूस टायरच्या दुकानात जातो, काही शे रुपयांत अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करतो, स्टिअरिंग सरळ दिसायला लागतं आणि विषय तिथेच सोडून देतो. नवीन गाडी चालवणाऱ्यांना माझं कळकळीने सांगणं आहे की तिथे सोडू नका.

कारण आपटल्यावर अलाइनमेंट अशीच जात नाही. टायरॉडवर (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा, चाक वळवणारा दांडा) लॉक नट घट्ट आवळलेला असतो, तो गटारात आपटून फिरत नाही. कोन बदललाय म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा जागेवरून सरकलंय, टायरॉड असेल, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) असेल, नकल (ज्यावर चाक बसतं तो पार्ट), शॉकअप, रिम, किंवा हे सगळं ज्यावर बसवलेलं असतं ती सबफ्रेम. मशीनवाला टायरॉडचे आटे फिरवून टो (वरून बघता चाकांचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) जुळवून देतो, कारण बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तेवढंच फिरवता येतं, आणि वाकलेला पार्ट आत तसाच राहतो. म्हणून क्रम असा की आधी काय वाकलंय ते शोधायचं, मग तो पार्ट बदलायचा आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

गाडी बाहेर काढताना

आधी माणसं. हॅझर्ड लाइट लावा, ट्रँगल मागे लांब ठेवा (वळणावर असाल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी दिसेल), आणि सगळ्यांना रस्त्यावरून बाजूला घ्या, पण पावसात घाटात दरड सुटेल अशा कड्याखाली उभं राहू नका. कुणाला लागलं असेल तर ११२ किंवा १०८, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. हे नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, आणि घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते त्यामुळे जाणाऱ्या एखाद्या गाडीवाल्याला सांगून ठेवणं जास्त खात्रीचं.

मग फोटो. गाडी जशी अडकलीय तशीच, चारही कोपऱ्यांतून, गटारातलं चाक जवळून, आणि एक लांबून ज्यात रस्ता, गाडी आणि नंबर प्लेट एकत्र दिसेल. हे इन्शुरन्सला लागतं आणि नंतर गॅरेजमध्ये मार कुठून बसला हे सांगायलाही फार कामाला येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दोरी कुठे बांधायची. खूप वेळा गटारात जाताना जे नुकसान झालेलं नसतं ते बाहेर काढताना होतं. ट्रॅक्टर येतो, कुणीतरी खाली वाकतं, हाताला लागेल त्या दांड्याला दोर किंवा साखळी अडकवतं आणि जोरात ओढतं, आणि तो दांडा नेमका टायरॉड किंवा लोअर आर्म असतो. टायरॉड हा बोटाएवढ्या जाडीचा रॉड आहे, तो चाक वळवण्यासाठी बनवलेला आहे, हजारभर किलोची गाडी ओढायला नाही. डिकीत स्टेपनीच्या जागेत टूलकिटमध्ये टो हुक (गाडी ओढायची कडी) असतो, पुढच्या बंपरवर छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं ते काढून त्यात तो आट्यांत फिरवून बसवायचा, पूर्ण आत जाईपर्यंत. काही गाड्यांत, खासकरून फोक्सवॅगन आणि स्कोडात, उलटे आटे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेने बसला नाही तर उलट फिरवून बघा. मागे बऱ्याच गाड्यांना खाली फिक्स कडी असते. तिथेच दोर लावायला सांगा, मदत करणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, "दादा, हुक आहे, तिथेच लावूया" एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. आणि ओढताना हळू, जमेल तेवढं सरळ रेषेत, झटका न देता.

गाडी पोटावर टेकली असेल तर स्टार्ट करायच्या आधी खाली मोबाईलचा टॉर्च मारा. काळं तेल ठिबकत असेल तर चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटलाय, इंजिन चालू करायचंच नाही. ऑइल नसताना थोडं जरी चालवलं तरी इंजिन बसतं, आणि असं नंतर केलेलं नुकसान इन्शुरन्स कंपनी सहसा धरत नाही.

तिथल्या तिथे काय बघायचं

गाडी सपाट जागेवर आली की स्टिअरिंग सरळ करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा. मग गाडीच्या समोर पाच-सहा पावलं मागे जाऊन उकिडवे बसा आणि पुढची दोन्ही चाकं एकत्र बघा. एक चाक उभं आणि दुसरं खालून आत गेलेलं, किंवा एक सरळ आणि दुसरं बाहेर तोंड करून, असं नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर ती गाडी चालवत न्यायची नाही, फ्लॅटबेड टोइंग बोलवा. फ्लॅटबेडच का, तर दोरीने ओढताना पुढची चाकं फिरतात आणि ज्या पार्टवर शंका आहे त्याच्यावरच स्टिअरिंग अवलंबून असतं.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आलाय का बघा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, तो टायर कधीही फुटू शकतो, हवा बरोबर असली तरी. बाहेरची बाजू सगळे बघतात, आतली बघत नाहीत आणि गटाराच्या दगडी कडेवरून चाक खाली गेलं असेल तर बऱ्याचदा आतलीच बाजू कापलेली असते. मोबाईल आत सरकवून व्हिडिओ घ्या आणि मग आरामात बघा, चिखलात झोपायची गरज नाही. रिमची कड वाकलीय का तेही त्याच व्हिडिओत दिसेल.

मग इंजिन चालू करून जागेवरच स्टिअरिंग हळूहळू पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. टायर कुठे घासतोय का, मधेच जड लागतंय का, कट-कट आवाज येतोय का. ब्रेक पेडल दाबून ठेवा, ते हळूहळू खाली जात असेल तर ब्रेकचा पाइप गेलाय, गाडी हलवायची नाही. डॅशबोर्डवर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) किंवा स्टिअरिंगची लाइट लागलीय का बघा. एबीएसची बारीक वायर चाकाच्या आतल्या बाजूने जाते, झुडपात अडकून ती तुटणं अगदी कॉमन आहे.

यातलं काहीच नसेल, फक्त स्टिअरिंग थोडं तिरकं असेल, तर जवळच्या गावापर्यंत तीस-चाळीसच्या स्पीडने, हॅझर्ड लावून, वाटेत एकदा-दोनदा थांबून चाक गरम होतंय का आणि टायर घासतोय का बघत जाता येईल. एक्सप्रेसवेला लागू नका. आणि घाट उतरायचा बाकी असेल तर मी तरी चालवत नेणार नाही, कारण वाकलेला पार्ट उतारावर ब्रेकखाली सगळ्यात जास्त ताण घेतो.

घरी करायच्या तपासण्या

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण यातलं काही करायला मेकॅनिक असावं लागत नाही, एक मेजरिंग टेप, सुतळी आणि गवंडी वापरतात तो ओळंबा पुरतो. ओळंबा नसेल तर दोरीला जड नट बांधला तरी चालतं. जागा सपाट हवी, सोसायटीचं फरशीचं पार्किंग चांगलं. चारही टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी करून घ्या, एका टायरमध्ये कमी हवा असली तरी गाडी ओढते आणि मग सगळा तपास चुकीच्या दिशेने जातो.

पहिलं माप म्हणजे दोन चाकांमधलं अंतर. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या बरोबर मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, आधी डावीकडे मग उजवीकडे. दोघांनी मिळून करा, टेप ढिली पडू देऊ नका. दोन्ही बाजू जवळपास सारख्या यायला हव्यात (एक-दोन जुन्या मॉडेलमध्ये मुळातच थोडा फरक असतो पण हॅचबॅक-सेडानमध्ये सहसा नाही). एक सेंटिमीटरच्या वर फरक आला तर कमी आलेल्या बाजूचं पुढचं चाक मागे ढकललं गेलंय असं समजा, किंवा मागचं पुढे आलंय, पण गटारात पुढचं चाक आधी गेलं असेल तर पहिलीच शक्यता जास्त. तिथे लोअर आर्म नाहीतर सबफ्रेम.

दुसरं ओळंब्याचं. चाकाच्या वर फेंडरच्या कडेला दोरी टेपने चिकटवून ओळंबा सोडा, दोरी चाकाच्या मध्यावरून समोरून खाली आली पाहिजे आणि टायरच्या फुगीर भागाला टेकायला नको, टेकत असेल तर थोडं पुठ्ठ्याने बाहेर काढा. आता दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि खालच्या कडेपर्यंतचं मोजा. या दोन मापांतला फरक म्हणजे चाक किती कललंय. १४ इंची रिमला साधारण ६ मिलिमीटर फरक म्हणजे १ अंश. आकडा स्वतः फार महत्त्वाचा नाही, डावं आणि उजवं सारखं आहे का हे महत्त्वाचं. डावीकडे २ मिमी आणि उजवीकडे ९ मिमी आलं तर कुठल्यातरी एका बाजूला, बहुधा उजवीकडे, काहीतरी वाकलंय असं समजा, आणि हे तुम्ही एक रुपया न देता शोधलेलं असतं.

तिसरं सुतळीचं. मागच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडांना टेकेल अशी सुतळी चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणून ती पुढच्या चाकाच्याही पुढे न्या आणि स्टुलाला बांधा. मग पुढच्या चाकाच्या रिमची पुढची कड सुतळीपासून किती लांब आणि मागची कड किती लांब ते मोजा. दुसऱ्या बाजूलाही तेच. एका बाजूला दोन्ही कडा जवळपास सारख्या आणि दुसऱ्या बाजूला पुढची कड सुतळीच्या बरीच जवळ आली असेल तर ते चाक बाहेर वळलेलं आहे, तिथला टायरॉड आधी तपासायचा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असते म्हणून सुतळी आणि पुढचं चाक यांत मोकळी जागा दिसेल किंवा सुतळी थोडी घासेल, त्याने गोंधळू नका.

शेवटी हलवून बघणं. जॅकवर चाक उचला, गाडीच्या खाली अजिबात जाऊ नका, नुसत्या जॅकवर तर नाहीच नाही. चाकाला घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा, खडखड वाटली तर टायरॉड एंड किंवा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की टायरॉड सरकवणारा भाग). १२ आणि ६ वर धरून हलवा, तिथे खेळ असेल तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा). चाक हाताने फिरवून रिमजवळ एक पेन स्थिर धरा, रिम आत-बाहेर डोलत असेल तर रिम वाकलंय.

लक्षणावरून काय समजायचं

स्टिअरिंग तिरकं पण गाडी हात सोडल्यावर सरळ जाते, हे बहुतेक वेळा टो बदलल्याचं लक्षण, म्हणजे टायरॉड वाकला किंवा मागच्या चाकांची दिशा बदलली. स्टिअरिंग सरळ पण गाडी ओढते, तर कॅम्बर (समोरून बघता चाक आत-बाहेर किती कललंय) किंवा कॅस्टरचा (बाजूने बघता चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललाय) फरक, नाहीतर टायर. गाडी नेहमी कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते, आणि ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर कललंय त्या बाजूला ओढते. पण हे ठरवायच्या आधी एक लक्षात घ्या की आपल्याकडे रस्ता पाणी जायला मधे उंच आणि कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे अगदी हळूच डावीकडे जाणं नॉर्मल आहे. मोकळ्या सपाट जागेत बघा.

टायरचा संशय असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून चालवून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर टायर, नाही बदलली तर सस्पेन्शन. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावे-उजवे करू नका, त्याच बाजूचे पुढचे-मागचे बदला.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलाय किंवा लोअर आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) फाटलाय. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप मधे परत येत नाही, हे लक्षण मी हलक्यात घेणार नाही, कॅस्टर गेलेला असतो, शॉकअप वाकलेला असतो किंवा रॅकमध्ये काहीतरी अडकतंय. साधारण ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं ते बॅलन्सिंग किंवा रिम, पण वीस-तीसच्या स्पीडलाच गाडी डुलत असेल तर रिम चांगलंच वाकलंय नाहीतर टायर आतून फाटलाय, तो आधी काढा. स्पीडबरोबर वाढत जाणारी घूं-घूं आणि एका बाजूला वळताना ती बदलणं म्हणजे बेअरिंग, आणि हे आपटल्यावर लगेच नाही तर काही आठवड्यांनीही सुरू होतं.

मागचं चाक आपटलं असेल तर लोक विसरूनच जातात. बहुतेक हॅचबॅकला मागे एकच टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो, त्याला फिरवायला काही नसतं, आणि गाडी आडवी सरकून मागचं चाक गटाराच्या भिंतीला बसलं तर बीम वाकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, समोर तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. ओल्या जागेवरून कोरड्यावर सरळ चालवत या आणि उतरून टायरचे ठसे बघा, मागचे ठसे पुढच्यांच्या दोन्ही बाजूंना सारखे पडायला हवेत, एकाच बाजूला सरकलेले असतील तर पुढचं कितीही अलाइन केलं तरी स्टिअरिंग सरळ राहणार नाही.

इन्शुरन्सचं काम गॅरेजने गाडी उघडायच्या आधी

नुसतं थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाही, फर्स्ट पार्टी हवं. गाडी खोलायच्या आधी कंपनीला कळवा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत पार्ट काढू देऊ नका, आणि सर्व्हेअरला तुमची मापं आणि फोटो दाखवा, कारण बाहेरून बंपरला नुसता ओरखडा असतो आणि खरं नुकसान आत असतं, ते क्लेममध्ये लिहिलं गेलं नाही तर नंतर घालायला त्रास होतो. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये तुम्हालाच भरायचे असतात. झिरो डेप (पार्टच्या किमतीत घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रबर आणि प्लॅस्टिकच्या पार्टचे ५० टक्के कापले जातात, टायरचेही ५० टक्के, लोखंडी पार्टचं गाडीच्या वयानुसार. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट) जातो, तो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो, म्हणून एकट्या टायरॉड एंडसाठी क्लेम करायचा का याचा हिशोब आधी करा. लोअर आर्म, शॉकअप, रिम असं एकत्र असेल तर मात्र विचार करत बसू नका.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

अलाइनमेंट करायचीय असं सांगून सुरुवात करू नका. गाडी रस्त्याखाली गेली होती, डावीकडून मार बसलाय, आधी लिफ्टवर घेऊन दोन्ही बाजू तुलना करून बघा, असं सांगा. डावा आर्म आणि उजवा आर्म, डावा टायरॉड आणि उजवा टायरॉड, शॉकअपची दांडी, सबफ्रेमचे बोल्ट. सबफ्रेम सरकली असेल तर बोल्टच्या वॉशरभोवती चकचकीत नवीन धातू दिसतो, म्हणजे जुन्या धुळीचा ठसा एकीकडे आणि वॉशर दुसरीकडे. गाडी लिफ्टवर असताना हे तुम्ही स्वतः टॉर्चने बघू शकता.

दोन गोष्टींना ठाम नाही म्हणा. एक, गरम करून किंवा ठोकून सरळ करणं. टायरॉड, लोअर आर्म, नकल हे पार्ट एकदा वाकले की बदलायचेच. सरळ दिसले तरी आत बारीक चीर राहते, गरम केल्याने पोलाद मऊ पडतं, आणि हा पार्ट तुटला की चाक कुठेही वळतं आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. पैसे वाचवायचे असतील तर बंपरच्या पेंटमध्ये वाचवा. दोन, स्टिअरिंग व्हील काढून एक-दोन दात फिरवून सरळ बसवून देणं. त्याने फक्त दिसायला सरळ होतं, रॅक मधे राहत नाही, स्टिअरिंगचा कोन मोजणारा अँगल सेन्सर चुकतो, आणि एअरबॅग असलेल्या स्टिअरिंगला असं उघडणं धोक्याचं आहे. हे आधी कुणी केलंय का ते ओळखायचं असेल तर सरळपासून डावीकडे शेवटपर्यंत किती वळसे आणि उजवीकडे किती ते मोजा, दोन्ही सारखे हवेत.

पार्ट बदलल्यावर जुना मागून घ्या आणि नव्याशेजारी जमिनीवर ठेवून बघा, लोअर आर्मचा बाक लगेच दिसतो. टायरॉडचा सरळ दांडा फरशीवर लोळवला तर वाकलेला असला की उड्या मारत जातो. आर्म बदलला असेल तर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळलेत का ते विचारा, लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पीळ खाऊन राहतो आणि लवकर फाटतो. सेल्फ लॉकिंग नट नवीनच घ्यायचे.

आता अलाइनमेंट, आणि तो कागद

चारही चाकांना सेन्सर लावणारं मशीन असलेलं ठिकाण शोधा, फक्त पुढच्या दोन चाकांचं नको. डिकीतलं सामान काढा, हवा बरोबर करा. आणि आधीच सांगून ठेवा की काही फिरवायच्या आधीचा रीडिंगचा प्रिंट हवाय, आणि नंतरचा वेगळा. बरेच जण फक्त नंतरचा देतात, सगळं हिरवं, आणि आधी किती लाल होतं ते कधी कळतच नाही.

कागदावर टो बघायच्या आधी कॅम्बर आणि कॅस्टर बघा, कारण टो हिरवा करता येतोच. समजा डावं कॅम्बर उणे २०' (म्हणजे २० मिनिटं, ६० मिनिटांचा एक अंश) आहे आणि उजवं अधिक १°१०', तर फरक दीड अंशाचा झाला. डाव्या-उजव्यात साधारण अर्ध्या अंशाच्या वर फरक असेल तर प्रश्न विचारा, "ही गाडी अशीच असते" हे उत्तर घेऊ नका, कंपनीने दिलेली मर्यादा त्याच कागदावर शेजारी छापलेली असते. कागदावर एसएआय किंवा केपीआय नावाचा आकडा (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा समोरून दिसणारा कल) असेल तर तो आणि कॅम्बर दोन्ही बाजूंची बेरीज करून बघा. बेरीज दोन्हीकडे सारखी पण कॅम्बर वेगळा, तर नकल आणि शॉकअप ठीक आहेत, आर्म किंवा सबफ्रेम किंवा शॉकअपची वरची जागा सरकलीय. बेरीजच वेगळी, तर नकल किंवा शॉकअप वाकलाय. ही एक बेरीज मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचवते. मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल (गाडीच्या मधल्या रेषेपासून ती किती तिरकी ढकलतात) शून्याच्या जवळ हवा, नसेल तर मागचा बीम बघायला सांगा.

ईएसपी किंवा इलेक्ट्रिक स्टिअरिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर सेट करावा लागतो. नाही केला तर गाडी सरळ जात असताना ईएसपीला ती वळतेय असं वाटतं आणि पावसात नको तिथे तो मधे पडतो. विंडस्क्रीनला कॅमेरा असलेली नवीन एडासवाली (ब्रेक आणि स्टिअरिंगला स्वतः मदत करणारी) गाडी असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही विचारा.

दुकानातून निघताना मेकॅनिकला बरोबर घेऊन चालवून बघा, सपाट रस्त्यावर ४० ला, ६० ला, एकदा थोडा जोरात ब्रेक, एकदा दोन्ही बाजूंना वळण घेऊन स्टिअरिंग स्वतःहून परत येतंय का. नंतर पाचशे-सहाशे किलोमीटर झाले की पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीचे दात लागल्यासारखं वाटलं तर टो अजून चुकलेला आहे, टायर डोळ्यांना चांगला दिसत असला तरी, आणि तो प्रिंट घेऊन त्याच दुकानात परत जायचं. चाकांचे नट तेव्हाच पुन्हा पान्याने आवळून घ्या, आणि या सगळ्या गडबडीत स्टेपनी लावली असेल तर तिची हवा आणि तारीख पण बघून ठेवा, टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.